एकाच रंगाचे दोन लॉट

सकाळी जाग आली की मी आधी हनुवटी छातीला टेकवून बघतो. टेकली तर उठतो. रात्री उशी वाकडी झाल्यानं मान जरा आखडली असली, तरी मी तसाच अंथरुणात बसून पुन्हा पुन्हा मान वाकवत राहतो. खोलीतली पोरं आता काही बोलत नाहीत. सुरुवातीला म्हणायची, कुणाला एवढे नमस्कार घालालास बे सकाळी सकाळी?

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या अंगाला. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. आधी नागपूरला भावाबरोबर विटा वाहिल्या, मग एका मुकादमाच्या ओळखीनं इकडे सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात आलो. घर इतकं लांब की वर्षातून एकदा जाणं झालं तरी पुष्कळ. इथली बोली मला कळायची, पण माझी इथल्यांना चेष्टेची वाटायची. मी 'काहून' म्हटलं की चार मागांपलीकडून कुणीतरी कावळ्यासारखं 'काहून, काहून' ओरडायचं आणि सगळी शेड हसायची. मीही हसायचो. नव्या जागी हसून घ्यावं लागतं.

मला काम शिकवलं ते जॉबरनी. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, मागावर बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचा मोठा रूळ, चढवणारा आणि कारागिरांवर नजर ठेवणारा माणूस. त्यांना सगळे मामा म्हणत. घरची भाषा तेलुगू, आजोबांपासून विणकाम. पहिले काही महिने त्यांनी मला त्यांच्याच घराच्या माडीवर झोपायला जागा दिली. मी लाजून कमी जेवतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ताटात परत वाढून म्हणायचे, "तिनु रा, तिनु," म्हणजे खा बाबा, खा. भाडं कधी मागितलं नाही. आईनं फोनवर विचारलं की तिथं तुझं कोण आहे, तर मी त्यांचंच नाव सांगायचो.

टॉवेलचा माग धोट्यावर चालतो. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते आणि तो ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळत राहतो. कांडी काही मिनिटांत संपते. नवी घातली की तिचा दोरा धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायचा. त्यासाठी सुई नाही, आकडी नाही. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा, की दोरा जिभेवर येतो. सुताची चव पिठासारखी, खळीची. दिवसभरात किती वेळा हे करतो ते कुणी मोजत नाही, जसं पापणी किती वेळा लवते ते मोजत नाही. पाळी बदलली की दुसरा माणूस येतो आणि तोच ओला धोटा ओठाला लावतो. यात कुणाला कधी किळस वाटली नाही. मलाही पहिले दोनच दिवस वाटली.

आमच्या शेडमध्ये आणखी एक पद्धत होती. दुसरीकडे असेल-नसेल, मला माहीत नाही. मागावर नवा बीम चढला की त्याला कुंकवाचं बोट लावायचं आणि त्या बीमसाठी धोट्यातला पहिला दोरा मामांनी तोंडानं ओढायचा. मग धोटा कारागिराच्या हातात. मामांनी दोरा ओढलेल्या मागावर धागा तुटत नाही, असं सगळे मानत. पोरं मुद्दाम थांबून राहायची. मामा दुसरीकडे गुंतलेले असले तर माग बंद ठेवून वाट बघायची, मालक ओरडला तरी.

माझ्या दोन मागांवर दुसऱ्या पाळीला जो माणूस होता, त्याला मी जोडीदार म्हणतो, कारण आमच्याकडे तोच शब्द आहे. तो मोहोळकडच्या एका गावातून मोटरसायकलवर यायचा. शेती थोडी, भाऊ ती बघायचा. घरी आई, बायको आणि नुकतीच चालायला लागलेली एक मुलगी. आमची भेट रोज पाळी बदलताना, तेवढीच. पण एकाच मागावर हात चालवणाऱ्या दोन माणसांना एकमेकांचं बरंच कळतं. त्याचा दोरा कुठं तुटतो, तो कुठं वैतागतो, हे मला कापडावर दिसायचं. तो येताना बायकोनं केलेली भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्यासाठी वेगळी बांधून आणायचा आणि खिडकीत ठेवायचा. वर म्हणायचा, "भाताच्या गावचं हाय हे, चावंना व्हय भाकरी?" मी चावून दाखवायचो.

थंडीचे दिवस होते. त्या आठवड्यात आमच्या दोन्ही मागांवर नवे बीम चढले होते. पाळी बदलताना जोडीदार म्हणाला, डोकं लई ठणकतंय, ट्यूबलाइट डोळ्यात खुपतीय. मी म्हटलं, घरी जा. तो म्हणाला, आत्ताच तर आलोय, आणि धोटा हातात घेतला. पाळी पूर्ण करून तो मोटरसायकलवर घरी गेला. हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. घरी गेल्यावर ताप चढला, उलट्या झाल्या. सकाळी पायांवर जांभळे ठिपके उठले होते. घरच्यांना वाटलं पित्त उठलंय, म्हणून अंगाला आमसुलाचं पाणी लावलं. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. दुपारी तो ओळख देईना तेव्हा त्याला मोहोळला नेलं, तिथून सोलापूरला मोठ्या दवाखान्यात आणलं. दिवे लागायच्या सुमाराला तो गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या भावाला बजावून सांगितलं, की मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा हा जंतू आहे, तो थुंकीतून जातो, याच्याबरोबर उठणाऱ्या-बसणाऱ्या कुणालाही ताप आला तर तासभरही थांबू नका. भावानं तशा अवस्थेतही मामांना फोन करून ते सांगितलं. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडणार, मला माहीत नाही. कारण दुसऱ्याच दिवशी मागावर उभा असताना मला थंडी वाजली. दात वाजायला लागले आणि मान पुढे वाकेना. मामांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि माग चालू होता तसाच सोडून मला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागे एका पोराला धरायला बसवलं. वाटेत मी दोनदा ओकलो, त्यांच्या पाठीवर. त्यांनी गाडी थांबवली नाही.

मी वाचलो. उजव्या कानानं मला आता ऐकू येत नाही, एवढंच गेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा दिवस उशीर झाला असता तर वेगळं बोलणं असतं. मला तेव्हा फार काही कळत नव्हतं. पण पडल्या पडल्या एक गोष्ट कळली आणि ती अजून माझ्या छातीवर बसलेली आहे. जोडीदार आधी गेला, म्हणून मला लवकर उचललं. आधी मी पडलो असतो, तर आमसुलाचं पाणी मला लागलं असतं आणि इंजेक्शन घेऊन मी खोलीवर झोपलो असतो. देवाचे आभार मानायला हात जोडले की जोडीदाराचाच चेहरा समोर येतो. मग हात तसेच खाली घेतो.

मी दवाखान्यात असताना शेडमध्ये एक डॉक्टर मॅडम आल्या. मेडिकल कॉलेजच्या, जंतूंचा माग काढणाऱ्या. बरोबर दोन माणसं आणि एक थंड पेटी. त्यांनी सगळ्यांच्या घशातून कापसाच्या काडीनं नमुने घेतले आणि नंतर प्रत्येकाला गोळ्या खायला लावल्या. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे त्यांनी आधी सांगितलं होतं, पण मागांच्या खडखडाटात निम्म्यांनी ऐकलंच नव्हतं. एक जण संडासातून बोंबलत बाहेर आला की मला रक्त चाललंय. बाकीचे म्हणाले, रंगाच्या टाकीत पडला होतास काय बे, जा, धुऊन ये. माणूस मेलेला असताना शेड त्या दिवशी हसली म्हणे. मला सांगतानाही पोरं हसली.

मॅडम मात्र एका मागाजवळ बराच वेळ उभ्या होत्या. कारागीर कांडी बदलतोय, भोकाला ओठ लावतोय, दोरा ओढतोय. त्यांनी धोटा हातात घेऊन बघितला, तो ओला भाग बघितला, आणि विचारलं की पाळी बदलल्यावर हा कोण वापरतं. मग नव्या बीमची पद्धतही कुणीतरी सांगितली, कौतुकानं. मामा तिथंच होते. पुढच्या फेरीला मॅडमनी तारेच्या आकड्या आणून वाटल्या. आता निम्मे लोक आकडी वापरतात, निम्मे नाही. आकडीला वेळ लागतो आणि मजुरी कापडावर मिळते.

त्यानंतर मामांनी नव्या बीमचा पहिला दोरा ओढणं सोडलं. कुणी आग्रह केला तर गालावर हात ठेवून म्हणायचे, दाढ दुखते. कामावर परत आलो तेव्हा मलाही तेच सांगितलं. मी म्हटलं, मामा, दाढ काढून टाका की. ते म्हणाले, बघू.

अंगात जरा बळ आल्यावर मी जोडीदाराच्या घरी गेलो. दिवसकार्य होऊन गेलं होतं. आईनं मला बघितलं आणि माझा हात धरून बराच वेळ सोडला नाही. तू तरी वाचलास, म्हणाली. मला वाटलं होतं ती मला टाकून बोलेल. पण तिचा राग दुसरीकडे होता. वहिनी, म्हणजे जोडीदाराची बायको, स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती आणि पुढे येत नव्हती. तिचं ताट आणि पेला वेगळ्या फळीवर ठेवलेला होता. मुलगी आजीच्या मांडीवर होती. ती आईकडे जायला निघाली की आजी तिला परत ओढून घ्यायची. दूधही तोडलं होतं.

तिथं काय झालं होतं ते मला भावानं अंगणात नेऊन सांगितलं. मॅडमची माणसं घरच्यांचे नमुने घ्यायला आली होती. काही दिवसांनी आरोग्याचा एक कर्मचारी आला आणि अंगणात, चार शेजारी उभे असताना, त्यानं वहिनीकडे बोट करून सांगितलं की घरात फक्त यांच्या घशात तो जंतू निघालाय, यांनी गोळ्या चुकवू नयेत. त्याचं काम त्यानं केलं. पण जोडीदार आजारी पडायच्या आधी वहिनीला सर्दी-खोकला झाला होता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. झालं. आईनं तेवढ्यावर सगळं जुळवलं, की हिच्या तोंडातलं माझ्या लेकाला लागलं. उद्या पोरीला लागेल. भाऊ समजूतदार माणूस, पण त्यालाही तसंच वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी परत येताना एसटीत मलाही तसंच वाटलं. जंतू तोच, आणखी काय पाहिजे?

पुढे काही महिने गेले. आमच्या जंतूंचे नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले होते. मला एक दिवस मॅडमचा निरोप आला. मी घाबरत गेलो. वाटलं, परत काही निघालं. मॅडमनी खुर्चीवर बसवलं, डाव्या कानाच्या बाजूला येऊन बसल्या आणि सावकाश सांगितलं. जंतूची जात एक असली तरी तिच्यात अनेक वाण असतात. पुष्कळ वाण माणसाच्या घशात राहतात आणि काही करत नाहीत, आले तसे जातात. एखादा वाण वाईट असतो. पुण्याला जंतूच्या आतला मजकूर अक्षर अन् अक्षर वाचतात आणि दोन जंतू एकाच घरचे आहेत की नुसते एका आडनावाचे, ते ठरवतात. माझ्या पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात सापडलेला आणि जोडीदाराच्या रक्तात सापडलेला, दोन्ही एकच वाण. मी विचारलं, म्हणजे त्याच्याकडून मला आला? त्या म्हणाल्या, तेवढं यातून कळत नाही. त्याच्याकडून तुम्हाला, तुमच्याकडून त्याला, किंवा तिसऱ्याच कुणाकडून दोघांना. तिसऱ्याला स्वतःला काही होतंच असं नाही. मी विचारलं, आणि वहिनी? त्या म्हणाल्या, दुसऱ्याचा निकाल मी तुम्हाला सांगणार नाही, ज्याचा त्याला सांगितलाय.

मी हो हो म्हणत उठलो, पण मला धड कळलं नव्हतं. कळलं ते शेडमध्ये परत आल्यावर. त्या दिवशी लाल सुताचा लॉट बदलला होता. रंगाची एक टाकी संपून दुसरी लागली की त्याला आम्ही लॉट बदलला म्हणतो. दोन्ही लॉटचे कोन, म्हणजे सुताचे मोठे गुंडाळे, शेजारी ठेवले तर भगवंतालाही फरक सांगता येणार नाही. तोच लाल, तीच पावडर. पण एकाच टॉवेलमध्ये दोन्ही लागले, की कापड उजेडात धरल्यावर मधोमध पट्टा दिसतो आणि माल परत येतो. तो पट्टा बघत मी उभा राहिलो. एकाच रंगाचे दोन लॉट. मॅडम हेच सांगत होत्या.

संध्याकाळी मामांना हे सांगायला गेलो, जरा फुशारकीनंच, की मला कळलं. ते चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "माझ्या घशात तुमचाच लॉट होता."

मॅडमनी त्यांना आदल्या दिवशीच बोलावलं होतं. नमुना दिला तेव्हापासून त्यांना संशय होता आणि म्हणून ते दाढेचं सांगत होते. मी म्हटलं, कुणाकडून कुणाला ते कळत नाही असं मॅडम म्हणतात, तुमच्याकडे तो आमच्यातल्याच कुणाकडून आला असेल. ते म्हणाले, असेल. पण धोट्याला ओठ मी आधी लावले. त्या माणसानं मला ताटात वाढून खायला घातलं होतं, त्याच्या पाठीवर ओकत मी जिवंत दवाखान्यात पोचलो होतो.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. तिचा निकाल मॅडमनी तिला सांगितला होता. तिच्या घशातला जंतू निराळ्या वाणाचा, निरुपद्रवी, नवऱ्याच्या जंतूशी त्याचा काही संबंध नव्हता. तिनं घरी सांगितलं, तर आई म्हणाली की डॉक्टरीणबाई तुझी समजूत काढायला तसं म्हणाली असंल. जंतू तोच म्हनून त्या मानसानं अंगणात सांगितलं न्हवं? वहिनी रडत नव्हती. आवाज सुकलेला होता. म्हणाली, "भावजी, तुमी येऊन सांगा की. तुमचं ऐकतील. पोरगी आता मला आई म्हणत न्हाई."

मी लगेच हो म्हटलं आणि फोन ठेवला. सांगायला जाणं सोपं. पण हिचा नाही, तर कुणाचा, हे ते विचारणारच. विचारल्याशिवाय कोण राहील? माझा म्हटलं तर खोटं नाही, वाण माझा आणि त्याचा एकच. पण माझ्यावर कुणी भरवसा ठेवेल का, की हा वहिनीला वाचवायला अंगावर घेतोय म्हणतील? आणि मामांचं नाव घेतलं, तर? शेडमध्ये त्यांच्या हाताला जो मान आहे तो जाईल. मालक काढून टाकेल. मी मामांकडे गेलो आणि सांगितलं की मी उद्या जोडीदाराच्या गावी जातोय, तुमचं नाव निघणार नाही, निश्चिंत राहा. त्यांनी विचारलं, कशानं जाणार? म्हटलं, एसटीनं. ते म्हणाले, गाडी काढतो.

वाटभर ते समोर रस्ता बघत राहिले. बोलले असते तरी मला ऐकू आलं नसतं, मी मागे, उजवा कान गेलेला, डाव्यात वारा घोंगावणारा. मला शेवटपर्यंत कळलं नाही की ते सांगायला येतायत की मला सोबत म्हणून.

ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. आई मुलीला घेऊन भिंतीशी बसली, भाऊ उंबऱ्याजवळ, वहिनी आतल्या दारात उभी. चहा आला. वहिनीनं केलेला नव्हता, शेजारणीनं आणून दिला. मी मॅडमनी सांगितलेलं सांगायला सुरुवात केली आणि वाण, मजकूर, पुणे यांत अडकलो. आई माझ्याकडे बघतच नव्हती. मग भावानं मध्येच विचारलं, की एकच जंतू म्हनतोस आन येगळा बी म्हनतोस, ते कसं?

हा भाऊ आधी एमआयडीसीत मागावरच होता, बाप गेल्यावर शेती बघायला परत आला. मला ते तेव्हा आठवलं. मी म्हटलं, दादा, रंग एकच, लॉट वेगळा. वहिनीचा लॉट वेगळा. उजेडात धरलं की पट्टा दिसतो ना, तसं त्यांनी बघितलंय.

त्याला ते एका क्षणात कळलं. मी त्याच्या तोंडावर बघितलं. त्यानं मान वळवून वहिनीकडे पाहिलं, मग खाली बघितलं. थोड्या वेळानं आईला म्हणाला, "हिचा न्हवता तो."

आई म्हणाली, "मग कुनाचा?"

मी म्हटलं, "आई, माझा आणि त्याचा एकच निघालाय. माझ्याकडूनच गेला असेल त्याला."

"तू तर त्याच्या मागनं पडलास."

मी म्हटलं, पडण्यावरून ते ठरत नाही, मॅडम म्हणाल्या तसं. ती परत म्हणाली, मला काय सांगतोस, मी बघितलंय की. तेवढ्यात भावानं अगदी साधं विचारलं, कामाचं बोलावं तसं, की त्या आठवड्यात नवा बीम चढला व्हता न्हवं तुमच्या मागावर? त्यानं मामांकडे पाहिलं. आमच्या शेडची पद्धत त्याला माहीत होती, त्याचा भाऊ घरी येऊन सांगत असणार, कौतुकानं.

मामांनी कप बशीत ठेवला. म्हणाले, "पहिला दोरा मी ओढला. माझ्या घशात पण तोच निघालाय, ताई."

कुणी ओरडलं नाही. मला वाटत होतं भाऊ उठेल, आई कपाळ बडवून घेईल, आणि मी मध्ये पडायच्या तयारीनं एक गुडघा उभा करून बसलो होतो. आई मामांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी त्याच्या लग्नाला आलावता. हितंच जेवलावता." तेवढंच. मामा म्हणाले, हो. बसल्या जागी त्यांनी डोकं खाली जमिनीला टेकवलं. भाऊ म्हणाला, ते नको, उठा, आणि तोंड फिरवून अंगणात गेला. त्याला राग आला होता की नाही, ते मला सांगता येणार नाही. तो परत आत आला नाही.

वहिनी दारातून पुढे आली. तिनं मामांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. सासूसमोर खाली बसली आणि दोन्ही हात पुढे केले. आईनं मुलीला दिलं नाही आणि घट्टही धरलं नाही. मांडीवर होती तशी ठेवली. वहिनीनं तिला उचलून छातीशी घेतलं. मुलगी घाबरली. अंग ताठ करून मागं रेलली, आजीकडे हात करून रडायला लागली. वहिनी तिच्या कानाशी काहीतरी बोलत होती. ते मला ऐकू आलं नाही. आजीचे हात मांडीवर तसेच उघडे पडले होते, मुलगी होती त्या आकाराचे. तिनं ते पुढे केले नाहीत.

आम्ही उठलो. या बसा म्हणायलाही कुणी नव्हतं आणि जा म्हणायलाही. वहिनी मुलीला घेऊन अंगणात आली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायला लागली. मुलगी रडून रडून उचक्या देत होती, पण वहिनी तिला खाली ठेवत नव्हती. मामा गाडी ढकलत रस्त्यापर्यंत घेऊन आले. चालू केली नाही. म्हणाले, आवाजानं अजून घाबरेल, गप्प होऊ दे. आम्ही बांधाशी उभे राहिलो, ते गाडीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, माझा चांगला कान घराकडे करून. ती गप्प झाली नाही. मामांच्या रात्रपाळीची वेळ होत आली, तेव्हा मामांनी किक मारली.